कॉलरच्या आतली खूण

आमच्या वन्सं म्हणजे एक नंबरच्या हट्टी. बत्तीस वर्षं मी त्यांच्याबरोबर लॉन्ड्रीत काढली, त्यातली तीस तर भांडण्यातच गेली असतील. माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, गेल्यापासून भट्टी मी सांभाळायची आणि खुणा त्या घालायच्या. प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी खूण, कॉलरच्या आत, पक्क्या शाईनं. वही नाही, काही नाही, सगळं डोक्यात.

गणिताच्या मास्तरांची खूण म्हणजे तीन ठिपके आणि खाली आडवी रेघ. याच मास्तरांनी भर सभेत विचारलं होतं, की मत द्यायला गेलेली माणसं कमी आणि मोजलेली मतं जास्त कशी? चौथ्या दिवशी त्यांना पोलीस ठाण्यावर बोलावलं. मग ठाण्यानं सांगितलं, मास्तर इथं आलेच नाहीत, सीमेपलीकडे पळाले. त्यांची बायको मात्र दर आठवड्याला त्यांचे धुतलेले शर्ट पुन्हा धुवायला आणायची. कपाटात कपड्यांना वास लागतो म्हणायची. मीही ते पुन्हा धुऊन द्यायची.

ठाण्याचे कपडेही आमच्याकडेच येतात. एका सोमवारी त्या बोचक्यातून तपकिरी लोकरी कोट निघाला. वन्संनी सवयीनं कॉलर उलटली आणि कोट माझ्यासमोर धरला. तीन ठिपके, खाली रेघ. फुकटचा चांगला कोट कुणा हवालदाराला सोडवला नव्हता. आत खूण असते हे त्या मेल्याला काय ठाऊक!

"भट्टीत टाका," मी म्हणाले. "आपण काही पाहिलं नाही."

"तू नसशील पाहिलं. मी पाहिलंय."

"उगाच विस्तवाशी खेळ कशाला, वन्सं?"

"अगं, ती बाई दर आठवड्याला शर्ट घेऊन येते. तिच्या तोंडाकडे कशी बघू मी?"

वन्संनी कोट घडी करून आपल्या ट्रंकेत ठेवला.

नवऱ्याला शोधून हजर करा म्हणून मास्तरांच्या बायकोनं केलेल्या अर्जाची कोर्टात सुनावणी होती. वन्संना कुणी बोलावलं नव्हतं, तरी आम्ही दोघी जाऊन बसलो. त्या उठल्या, कोट टेबलावर ठेवला, कॉलर उलटी केली आणि कोट कुठल्या बोचक्यातून निघाला ते सांगून मोकळ्या झाल्या. सरकारी वकील हसले. "असे कोट गावात शंभर असतील."

"असतील की. तुमचा काळा डगला उलटून बघा. एक फुली, दोन ठिपके. मीच घातलेत."

वकिलांचा हात कॉलरकडे गेला आणि कोर्टात हशा पिकला. मीसुद्धा हसले, मूर्खासारखी. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली.

दोन दिवसांनी भर दुपारी चौघे आले. आरोप काय, तर ठाण्याच्या बोचक्यातला कोट चोरला! "थांबा, कापड जळेल," म्हणत वन्संनी हातातली बाही पुरी केली, इस्त्री बंद करून उभी ठेवली, राखी स्वेटर अंगात घातला. दारातून मला म्हणाल्या, "ठाण्याचं काम सोडू नकोस हं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांना धरून नेतायत आणि यांना गिऱ्हाइकाची पडलीय!

महिनाभर ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या. मग एक दिवस ऐकवलं, "तिला परवाच सोडली. कुठं गेली ते आम्हाला काय माहीत?" वन्सं काय सांगून गेल्या होत्या ते तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं. तेव्हापासून बोचकं मी स्वतः सोडते, एकेक कपडा उलटून बघते. काही निघू नये असं वाटतं आणि निघावं असंही वाटतं.

आज राखी स्वेटर निघाला. बूट पुसायला वापरला होता, सगळीकडे काळं पॉलिश. उजवी बाही खांद्यापासून फाटलेली. गळ्याच्या आत आमच्या घरची खूण, नुसता एक गोल.

मास्तरांची बायको शर्ट घेऊन आलीच होती. आम्ही दोघी रडलो, अगदी मोठमोठ्यानं. समोर भट्टी पेटलेली होती. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझा हात तिकडे गेला. मला फार भीती वाटते, आत्ताही वाटतेय. मग मी स्वेटर कागदात गुंडाळला, भट्टी विझवली, दुकानाला कुलूप लावलं.

"मी येऊ तुमच्याबरोबर?" तिनं विचारलं.

"चला."

कोर्टात विचारतील, हा स्वेटर वन्संचाच कशावरून? विचारू देत. माझ्या अंगातल्या कोटाच्या कॉलरमध्येही तोच गोल आहे. वन्संनी घातलेला.