गरम गाडीचा ब्रेक

तिघी बहिणींत ती शेवटची, म्हणून घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. थोरली शाळेत शिकवायला लागली, मधली दवाखान्यात परिचारिका झाली. धाकटीने सैन्याचा फॉर्म भरला तेव्हा कुणी फारशी आडकाठी केली नाही. वडील गणिताचे मास्तर. पोरीला गणित उत्तम येतं, तेव्हा सैन्यात गेली तरी कुठेतरी टेबलाशीच बसेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

कवायतीचे पहिले तीन महिने संपल्यावर काम निवडायची वेळ आली. तिचे गुण चांगले होते, त्यामुळे वायरलेस आणि वाहनदुरुस्ती, दोन्ही दारं उघडी होती. दोन्हीकडे एकेक आठवडा काढायचा आणि मग सांगायचं, अशी तिथली पद्धत.

वायरलेसच्या खोलीत पंखा होता, मऊ खुर्ची होती. संदेश ऐकायचा, उतरवायचा, पुढे धाडायचा. आठवडाभरात तिच्या हातून एकही चूक झाली नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुझी जागा इथे पक्की समज."

वर्कशॉपमध्ये मात्र पहिल्याच दिवशी तिने बोल्ट तोडला. इंजिनाचं झाकण बसवायचं होतं. जितकं घट्ट तितकं चांगलं, या हिशेबाने तिने पान्यावर सगळं अंग टाकलं आणि बोल्टचं डोकं पान्यासकट हातात आलं. उरलेला तुकडा आतच राहिला. तिथले उस्ताद ठेंगणे, निवृत्तीला टेकलेले, कानावर कायम पेन्सिल. ते रागावले नाहीत.

"आतला तुकडा काढ," एवढंच म्हणाले.

"कसा काढू?"

"तोडताना विचारलं होतंस?"

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ती कामाला लागली. तुकड्याच्या मधोमध बारीक भोक पाडायचं, त्यात उलट्या आट्यांचं हत्यार घालायचं आणि जीव मुठीत धरून जरा जरा फिरवायचं. त्यात तिचे दोन दिवस गेले. तुकडा बाहेर आला तेव्हा तिने तो बराच वेळ तळहातावर ठेवून पाहिला. तुटलेल्या जागी धातू कसा ताणला गेला होता, ते स्पष्ट दिसत होतं.

आठवडा संपल्यावर तिने कागदावर वाहनदुरुस्ती लिहिलं आणि घरी फोन केला.

"एवढं शिकवलं ते हात काळे करायला?" वडील म्हणाले.

"बाबा, तिकडे माझं काही चुकलंच तर ते मला कळेल की नाही, कोण जाणे. इथे चुकलं की हातात येतं."

ते म्हणाले, "वही तपासताना मीही उत्तरावर फुली मारून थांबत नाही. पायरी कुठे चुकली ते शोधतो. तुला तेच करायचं असेल तर कर. पण तुझ्या आईला तूच सांग."

आईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "केस घट्ट बांधून काम करत जा. यंत्राला आपलं-परकं कळत नाही."

त्यानंतर आठ वर्षं गेली. ती कामात मुरली. वर्कशॉपमध्ये सगळे तिला 'बाई' म्हणू लागले. बाहेर निघणाऱ्या प्रत्येक गाडीच्या तपासणीच्या नोंदीखाली आता तिची सही लागे.

एका सकाळी औषधं आणि तंबू घेऊन सहा ट्रक डोंगरावरच्या तळाकडे निघायचे होते. पाच तपासून झाले. सहाव्याचा ब्रेक दाबल्यावर तिला पेडल किंचित खाली सरकल्यासारखं वाटलं. पुन्हा दाबलं, तर ठीक. तिसऱ्यांदाही ठीक. तरी तिने सही केली नाही.

ताफ्याचे कॅप्टन घड्याळ बघत आले. "नक्की काय बिघडलंय?"

"सांगता येत नाही, साहेब. पण मन घेत नाही."

"मनाच्या नावावर ताफा थांबवू?"

"मला चाकं उघडून बघू द्या."

अडीच तास गेले. चारही चाकं उघडली, नळ्या पाहिल्या, प्रत्येक जोड कापडाने पुसून पाहिला. तेलाचा एक थेंब कुठे सापडला नाही. डोंगर पोखरून उंदीरसुद्धा निघाला नाही. शेवटी तिने सही केली. कॅप्टननी तिच्या सेवेच्या नोंदीत शेरा मारला, 'विनाकारण विलंब'. वर्कशॉपमधले म्हणाले, "बाईंना गाड्यांची कुजबुज ऐकू येते."

त्या ट्रकच्या चालकाला सगळे मौनी म्हणत, कारण त्याच्या तोंडून शब्द निघणं दुर्मीळ. निघताना तिने त्याला थांबवलं. "जिथे जिथे थांबशील तिथे ब्रेक दाबून धर आणि दहापर्यंत मोज. पेडल खाली गेलं तर तिथून हलू नकोस." त्याने मान डोलावली.

ताफा तळावर पोचला, माल उतरला. तिसऱ्या दिवशी दुपारी परतताना तो ट्रक दुसऱ्या ट्रकला लोखंडी दांड्याने जोडून आणला गेला. मौनी तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"सातला गेलं," तो म्हणाला.

परतीचा मोठा उतार सुरू व्हायच्या आधी त्याने गाडी थांबवली होती, ब्रेक दाबून मोजायला लागला होता, आणि सातव्या आकड्याला पेडल तळाला टेकलं. त्याने चाकांमागे दगड लावले आणि तिथेच बसून राहिला.

तिने पेडलचा दाब तेलातून चाकांकडे पाठवणारा ब्रेकचा मुख्य सिलिंडर उघडला. आतल्या रबरी कड्याची कड झिजली होती. गाडी थंड असताना ते कडं तेल धरून ठेवी. गरम झाली की तेल आतल्या आत मागे निसटे, म्हणून बाहेर थेंब दिसत नव्हता. लोक पाठ थोपटायला आले. तिला मात्र तो उतारच दिसत होता. त्याच्या तोंडाशी उभी राहिलेली गाडी तिच्याच सहीने सुटली होती.

त्याच संध्याकाळी तिने तपासणीच्या वहीत लिहिलं, 'संशय होता. गाडी गरम करून तपासली नाही. सही माझी.'

कॅप्टननी ते वाचलं. "हे लिहायची गरज नव्हती. तुमचंच खरं ठरलं."

"अर्धंच, साहेब."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. "मी मारलेला शेरा आता पुसता येणार नाही. त्याखाली काय झालं ते मात्र लिहितो."

त्यांनी लिहिलंही. तरी त्या शेऱ्यापायी तिची बढती एक वर्ष लांबली. ते तिला लागलं. उघडपणे बोलली नाही, पण त्या वर्षभरात मऊ खुर्चीची आठवण तिला एक-दोनदा येऊन गेली. रजेवर घरी गेली तेव्हा मधलीने विचारलं, "वाईट वाटतं का गं?" ती म्हणाली, "सहीचं वाटतं. बढतीचंही वाटतं, पण ते कमी."

पुढे त्या तुकडीच्या तपासणीच्या तक्त्यात एक ओळ वाढली, गाडी वीस मिनिटं चालवून मग ब्रेक पुन्हा तपासावा. कुणामुळे, ते तिथे लिहिलेलं नाही. चालकांना ती ओळ नकोशी वाटे.

"बाई, गाडी ठणठणीत आहे. उगाच वीस मिनिटं कशाला?" नव्याने आलेल्या एकाने विचारलं.

"असेल ठणठणीत," ती म्हणाली आणि हात पुसत शेजारच्या सीटवर चढून बसली. "चल, चक्कर मारून येऊ."