उपाशी वाटेला लावलेली पिल्ली

१९६१ च्या पावसाळ्यात मुळशीच्या धरणात सोडायची कटला माशाची पिल्ली पौडजवळच्या एका तळ्यात वाढत होती. त्यांना दोन वेळ पेंड आणि कोंडा घालायचं काम फुलाबाईकडे होतं. डोंगरावरच्या तिच्या वाडीला याचं भारी हसू.

"फुले, मासा खायचा का त्याला खाऊ घालायचं गं?"

पिल्ली न्यायच्या आदल्या दिवशी मुकादम जयसिंगनं ती पाण्यात बांधलेल्या कापडी झोळीत भरली आणि बजावलं, "आता कायबी घालायचं न्हाई. उपाशीच न्यायची."

घरातून कुत्रंही उपाशी बाहेर पडू नये, हा फुलाबाईचा शिरस्ता. ट्रक यायच्या आधी तिनं चोरून दोन मुठी कोंडा टाकला.

धरणावर पिल्ली भरून आणलेले पाण्याचे डबे उघडले. आठांपैकी पाच डब्यांत पिल्ली पोट वर करून तरंगत होती. पाण्याला घाण मारत होती.

"कुनी घातलं?" जयसिंगनं सोबत आलेल्या फुलाबाईकडे बघत विचारलं.

"म्या. परगावी निघालेल्याला उपाशी लावत्यात व्हय?"

"अगं, खाल्लेलं डब्यातच हगली अन् त्यातच गुदमरली! पुढची खेप अशी गेली तर तुझं काम गेलं. माझंबी."

फुलाबाईनं मग घरी मडक्यात चार पिल्ली ठेवली, दोन जाडी, दोन रोडकी. खायला काही नाही. रोडकी दुसऱ्या दुपारीच मलूल झाली. जाडी अंगावरच्या चरबीवर तिसऱ्या दिवशीही पळत होती.

पुढच्या खेपेला तिनं मोठ्या डोक्याची, खपाटीला गेलेल्या पोटाची पिल्ली वेचून परत तळ्यात सोडली.

"ह्यांच्या अंगात शिदोरीच न्हाई. आठ दिस खाऊ द्या, मग न्या."

"नवरी बघाया आलीस का, निवडून घ्यायला?" जयसिंग करवादला, पण त्यानं अडवलं नाही.

झोळी बांधून झाल्यावर तिनं कोंड्याची पाटीच त्याच्या हवाली केली. "तुमच्यापाशी ठेवा. माझा हात माझं ऐकत न्हाई."

या वेळी आठ डब्यांत मिळून अकरा पिल्ली मेली. बाकीची पाण्यात पडताच दिसेनाशी झाली. जयसिंगनं ट्रकमधून पाटी काढली.

"घाल आता. अन् सोमवारी दुसरी झोळी बांधायचीय, लवकर ये."

तिनं पाण्यावर मूठ उधळली. मग वळून विचारलं, "तुमी जेवलासा का?"

"सकाळपास्नं न्हाई."

फुलाबाईनं भाकरीचं फडकं सोडलं. "खावा की मग. तुमास्नी काय डब्यात घालून न्यायचं न्हाई."