पलूसचा रॉक बँड, नाव ‘कोरडवाहू’

जो बँड चालतो त्याच्या मुलाखती होतात. जो चालत नाही त्याच्याकडं किस्से साठतात. आमच्याकडं मुलाखत एकही नाही. त्यामुळं चार मित्र बसले आणि चहा आला, की कुणीतरी म्हणतंच, “महावीर, त्यो ठिबकचा सांग की.” मग एकातनं दुसरा निघतो आणि चहा गार होतो.

आम्ही तिघं. संपत गातो आणि बेस गिटार वाजवतो. तो माण तालुक्यातला, दहिवडीच्या पुढचा. पोटासाठी वायरमनची कामं घेतो. लीड गिटारवर शुभांगी, सांगलीच्या कॉलेजात गणित शिकवते. ड्रमवर मी. पलूसमध्ये माझं खताचं दुकान आहे. बँडचं नाव ‘कोरडवाहू’, कारण संपतच्या गावात सगळी शेती तसलीच, पावसाच्या भरवशावरची. वीस वर्षं झाली. दोन अल्बम काढले, ते कुठं गेले आम्हालाही माहीत नाही. अजून वाजवतो.

*

पहिला कार्यक्रम पलूसच्याच एका मंडळाचा. साऊंडवाले काका लग्नाच्या वरातीत मुरलेले. शुभांगीनं डिस्टॉर्शनचा पेडल दाबला. त्यानं गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत होतो. काका धावत स्टेजवर आले. एक वायर काढली, दुसरी हलवली, स्पीकरला कान लावून बघितला. तोवर शुभांगीनं पेडल बंद केला होता, आवाज साफ झाला म्हणून खाली गेले. शुभांगीनं परत पेडल दाबला. काका परत वर. तिसऱ्या वेळी त्यांनी माईकच हातात घेतला आणि लोकांना म्हणाले, “मंडळी, जरा दम धरा. स्पीकर फाटलाय.”

शुभांगी तेव्हा एकोणीस वर्षांची. तिनं शांतपणे माईक मागून घेतला.

“काका, फाटला न्हाई. फाडलाय.”

काकांनी तिच्याकडं एकदा नीट बघितलं. पायऱ्या उतरून मिक्सरशी गेले आणि आवाज आणखी वाढवला. पुढं अकरा वर्षं आमचा साऊंड त्यांनीच केला. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

*

प्रॅक्टिस शुभांगीच्या घरच्या बेदाण्याच्या शेडमध्ये. द्राक्षं वाळवायचे दिवस संपले की शेड मोकळंच. तिचे वडील, आबा, फौजेतनं सुभेदार होऊन निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी ते दारात उभे राहिले, दोन गाणी ऐकली आणि म्हणाले, “तोफा नकोत म्हणून घरी आलो हुतो.” एवढं बोलून गेले.

आम्हाला वाटलं, शेड गेलं. दुसऱ्या दिवशी आबा इस्त्रीचे कपडे घालून हजर. पोरीकडं बघितलं नाही, संपतकडंही नाही. सरळ माझ्यापुढं आले.

“तू पळतोस.”

“कुठं, आबा?”

“गाणं हिकडं आन् तू तिकडं. सुरुवात एका चालीत, शेवट दुसऱ्या. तुझ्या मागनं पलटण चालली तर नाल्यात पडंल.”

खरं होतं. माझा वेग दर गाण्यात वाढायचा आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस आबा शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कवायतीच्या चालीनं चालायचे आणि मी त्यांच्या पायावर वाजवायचो. मी पळालो की ते जागीच थांबायचे. बोलायचे नाहीत, नुसते थांबायचे. ते थांबणं शिवीपेक्षा लागायचं.

गाणी त्यांना कधी आवडली नाहीत. “शब्द कळत न्हाईत,” म्हणायचे. पण गावात कुणी विचारलं की पोरगी काय करते, तर उत्तर ठरलेलं. “कॉलेजात शिकवती. आन् आमची एक पलटण हाय.”

*

एका स्पर्धेत पाच बँड होते. बक्षिसं तीन, उत्तेजनार्थ एक. आम्ही पाचवे. संपतनं परीक्षकांना जाऊन नमस्कार केला आणि म्हणाला, “बरं झालं सर. उत्तेजन आमच्याकडं आधीच लय हाय.”

*

आता ठिबकचा.

सांगलीत एक हॉल घेतला. स्थानिक पेपरला बातमी दिली: ‘कोरडवाहू’चा कार्यक्रम, रविवारी सकाळी, प्रवेश खुला. त्यांनी ती छापली शेतीच्या पानावर. गाण्याचं अक्षरसुद्धा नाही. आम्ही सकाळी हॉलवर पोचलो तर आधीच पन्नासेक शेतकरी बसलेले. जतचे, आटपाडीचे, काही कवठेमहांकाळचे. मांडीवर वह्या, खिशाला पेनं.

मी घाबरलो. संपतला म्हणालो, “बाबा, बाहेर जाऊन माफी माग. माणसं एसटीनं आल्यात.”

संपतनं पडदा जरा बाजूला करून मोजदाद केल्यासारखं बघितलं. “आपल्याला कवा एवढी माणसं आली हुती का? वाजव.”

तरी त्यानं आधी खरं सांगितलं. पेपरवाल्यांची चूक झाली, आम्ही गाणारी माणसं हाय, ज्यांना जायचं त्यांनी जावं, राग न्हाई. कुणी उठलं नाही. बहुतेक पुढची एसटी दुपारी असावी. आम्ही दीड तास वाजवलं. आटलेल्या विहिरींचं, चारा छावणीचं, टँकरच्या मागं पळणाऱ्या बायकांचं, सगळं वाजवलं. मधेमधे दोनचार जण वहीत काहीतरी लिहीत होते. काय ते मला आजही माहीत नाही.

शेवटी जतकडचे एक म्हातारे उठले. सगळ्यांच्या वतीनं बोलल्यासारखे बोलले.

“पाण्याचं बरोबर सांगितलंसा. छावणीचंबी बरोबर. पर ठिबकचं कायच आलं न्हाई.”

*

मुंबईच्या एका म्युझिक कंपनीनं एकदा खरंच बोलावलं. मी बायकोला सांगितलं, तिनं माहेरी सांगितलं, माहेरच्यांनी तासगावभर सांगितलं.

ऑफिस एसीचं, साहेब भला माणूस. गाणी त्यानं खरोखर ऐकली होती. म्हणाला, “छान आहेत. फक्त भाषा जरा प्रमाण करू. ‘हाय’च्या जागी ‘आहे’. ‘न्हाई’च्या जागी ‘नाही’. शहरात कळलं पाहिजे.” मग आमच्याकडं बघितलं. “आणि कपडे. तुम्ही पँट-शर्ट घालता. त्याऐवजी धोतर, फेटा. मॅडमना नऊवारी. मातीतला लूक येईल.”

संपत खुर्चीत पुढं सरकला.

“म्हंजे बोलायचं तुमच्यागत आन् दिसायचं आमच्यागत?”

“तसं नाही, पण लोकांना तेच आवडतं.”

“आमच्यात कुणी तसं दिसत न्हाई, साहेब. पर बोलत्यात समदी असंच.” त्यानं टेबलावरच्या पेनाला टोपण घातलं आणि पेन साहेबांच्या बाजूला सरकवलं. शुभांगी आधीच उठली होती.

मला सही करायची होती. आजही सांगतो, करायची होती. साताऱ्यापर्यंत मी दोघांशी बोललो नाही. साताऱ्याला चहाला उतरलो तेव्हा संपत जवळ आला. “तू करून यायचास की. ड्रमला कुठं भाषा असती?”

मी चहा पिऊन गाडीत बसलो. घरी गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “नऊवारी नेसून गिटार? शुभांगीनं मारलं न्हाई त्याला?” तासगावला काय सांगायचं ते तिचं तिनं बघितलं.

*

हा गेल्या वर्षीचा.

संपत म्हणाला, “एक शेवटचं गाणं करू आन् थांबू. घसा साथ देत न्हाई.” आम्ही वाद घातला नाही. माझी पाठ बोलत होती, शुभांगीचं कॉलेजातलं काम वाढलं होतं. ठरलं, व्हिडिओ संपतच्या गावच्या माळावर करायचा. मागं त्याच्या वडिलांची मेंढरं.

वडील म्हणजे तात्या. वीस वर्षांत ते एकाही कार्यक्रमाला आले नव्हते. पोरगा काय गातो, हे त्यांनी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. बाप-लेकात बोलणं व्हायचं ते पाऊस आणि औषधं एवढंच.

सकाळी माळावर ड्रम मांडले, जनरेटर लावला, शुभांगीनं कॅमेरा लावला. मेंढरं पलीकडच्या उतारावर चरत होती. आवाज झाला की ती उधळणार आणि पुन्हा सापडायची नाहीत, म्हणून आधी त्यांचं शूटिंग करून घेतलं. मग संपत तात्यांना म्हणाला, “तात्या, आवाज लय मोठा हुईल. मेंढरं वर घिऊन जावा.”

तात्या काठीवर रेलून उभे होते. हलले नाहीत.

“आवं, पळतील ती.”

तात्या तसेच. शेवटी संपतनं मला खूण केली. मी काठ्या आपटून चार मोजले आणि आम्ही तिघांनी एकदम सुरुवात केली.

मेंढरांनी माना वर केल्या. आणि आली. उतार चढून सगळी सरळ आमच्याकडं आली. काही ड्रमच्या पुढ्यात बसली, एक तर संपतच्या अँपच्या स्पीकरला अंग टेकून रवंथ करायला लागली. संपतचं गाणं अर्ध्या ओळीत थांबलं. शुभांगी थांबली, मी थांबलो.

तात्या सावकाश चालत आले. अँपजवळच्या मेंढीच्या पाठीवर हात फिरवला.

“पळायची न्हाईत,” ते म्हणाले. “रोजचंच हाय त्यास्नी.”

“रोजचं म्हंजे?” संपतनं विचारलं.

तात्यांनी कोपरीच्या खिशातला मोबाईल चाचपला, आहे ना तेवढं बघितलं.

“दुसरं कायबी लावलं,” ते म्हणाले, “तर पांगत्यात.”