तुम्ही बाहेर बसा

आमच्याकडं डॉक्टरकडं कुणी एकटं जात नाही. दुखणं एकाचं, जीपमध्ये पाचजण, आणि आत गेल्यावर बोलणार तिसराच.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी कोडोलीच्या शाळेत शिकवत होते. फळ्यावर तारीख लिहिताना हात थरथरायचा, छाती धडधडायची, वर्ग सोडून बाहेर पळावं लागायचं. हृदय ठणठणीत निघालं, तेव्हा गावच्या डॉक्टरांनी कोल्हापुरातल्या एका मानसोपचारवाल्या बाईंकडं पाठवलं. सासूबाई, नवरा, नणंद, सगळे आत बसले. सासूबाईंनीच सुरुवात केली, "हिला झोप न्हाय, जेवत न्हाय, नोकरी सोड म्हटलं तर ऐकत न्हाय."

बाई म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

"आम्ही घरचीच हाय की."

"म्हणूनच."

दार लागलं. "आता तुम्ही सांगा," बाई मला म्हणाल्या. मी दाराकडंच बघत राहिले. लग्न झाल्यापासून माझं दुखणं मी स्वतः कधी सांगितलंच नव्हतं. पाऊण तासात चार वाक्यं बोलले असेन. बाईंनी ना गोळी दिली ना सुई. "मग मी काय करू ते तरी सांगा," म्हटलं, तर तेही सांगेनात. मला रागच आला. सल्ले घरात ढिगानं मिळत होते, इथं जीपचे धक्के खाऊन तेवढंही नाही.

तरी पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी एकटी गेले. त्याच्या पुढच्याही. चौथ्या खेपेला तोंडून निघालं, "मला मुलगी झाली होती. तीन दिवस होती." बारशाच्या आधीच गेली, म्हणून तिला नाव नव्हतं. घरात तिचा विषय काढायचा नाही, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं, ते मला आजही माहीत नाही. त्या दिवशी मी वेळ संपेपर्यंत रडले, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

घरी मात्र धुसफूस वाढली. एका शनिवारी चप्पल घालताना सासूबाई उंबऱ्यात आडव्या आल्या. "निस्तं बोलायला जातीस? घरात माणसं कमी हायत व्हय? आमची गाऱ्हाणी सांगत असशील."

आजवर मी बँक, दात, काहीही सांगून सुटत होते. त्या दिवशी खोटं बोलायचा कंटाळा आला. "तुमच्या नातीबद्दल बोलते," मी म्हटलं. "इथं बोलू देत न्हाईसा, म्हणून तिथं जाते. आणि जाणारच."

भांडणाची पुरी तयारी करून मी उभी होते. सासूबाई उंबऱ्यातच खाली बसल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "नाक माझ्यावर गेलतं तिचं."

मी त्यांच्याजवळ बसले. पहिली एसटी चुकली. मग दुसरी पकडून गेलेच.