ऐकून घेण्याचं व्याख्यान

सातारा सोडल्यापासून आमचे साडू बोलत होते. हे गृहस्थ शिरवळच्या कारखान्यांतून साहेबलोकांना ‘ऐकून घेण्याची कला’ शिकवतात. कडेगावजवळच्या एका गावात कालव्याच्या पाण्यावरून भांडणं पेटली होती. ती मिटवायला सरपंचांनी यांनाच बोलावलं. मी आपला गाडीत सोबतीला. कराडला मिसळ खाताना ‘तिखट कमी’ असं मी दोनदा सांगितलं. साडूंनी झणझणीतच मागवली.

कराड मागे पडलं, दोन्ही अंगांना ऊस लागला. गावात देवळापुढच्या मंडपात माणसं जमलेली. साडूंनी माईक धरला तो तासभर सोडला नाही. समोरच्याच्या मनात शिरा, म्हणाले. पुढे बसलेली एक बाई सारखी हात वर करत होती आणि हे महाशय ‘प्रश्न शेवटी’ म्हणून तो खाली करायला लावत होते.

अखेर ती उभी राहिलीच. शालन तिचं नाव, नवरा लष्करात.

“माजी पानी घ्यायची पाळी रातची हाय...”

“म्हणजे पाणी पुरत नाही!” साडूंनी तिला तोडलं. “ताईंना एक तास वाढवून द्या.”

टाळ्या पडल्या. बाई मटकन खाली बसली. काय बोलणार होती, कुणी विचारलं नाही.

साडू सरपंचांच्या सोप्यात पाटावर जेवायला बसले, मी मंडपातल्या पंगतीत. आमटी-भाकरी वाढत शालन आली, तशी माझ्या शेजारच्या निवृत्त सुभेदारांनी तिला थांबवलं. यांची जमीन कालव्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे भांडणातली विरुद्ध बाजू.

“शालन, तुजं अर्धंच ऱ्हायलं. बोल की.”

“आवं आबा, पानी वाढवू नगा. दिवसा द्या. रातचं उसात एकटीनं जायाचं लय भ्या वाटतं. परवा कुनीतरी माज्या मागनं आलं हुतं.”

सुभेदारांनी हातातला घास ताटात ठेवला.

“मी नोकरीत असताना आमची कारभारीण बी अशीच जायची,” ते म्हणाले. “सुट्टीवर आलो की मी इचारायचो, ऊस कसा हाय. तिला कवा इचारलं न्हाई.” मग म्हणाले, “माजी दिवसाची पाळी तू घे. रातचं मी जातो.”

वाढणाऱ्या आणखी दोघी जवळ आल्या. त्यांचंही तेच दुखणं होतं. पंगतीतले पुरुष पहिल्यांदाच गप्प बसून ऐकत होते.

परतताना साडू खुशीत. “बघितलंत, व्याख्यानाचा परिणाम!”

मला संताप आला. गावाला कान होते; तेच आम्ही तासभर अडवून ठेवले होते.

“अहो, त्या बाईला रात्री उसात जायची भीती वाटते,” मी म्हणालो.

“भीती!” साडूंचे डोळे चमकले. “भीतीवर माझं वेगळं व्याख्यान आहे.”

आणि त्यांनी ते सुरू केलं.