कॅलेंडरमधला तो एक तास

मंगळवारी मी आणि नवरा जिल्ह्याच्या गावी, दुर्गला गेलो होतो, बाल कल्याण समितीसमोर. आमची पाच वर्षांची ओवी आठ दिवस बालगृहात होती. ती घरी येणार की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं...

आम्ही भिलाईला सेक्टर दोनमध्ये राहतो. नवरा स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवतो, मी एका लॅबमध्ये आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोघांच्या शिफ्ट लिहिलेल्या. मी दीडला निघायची, तो अडीचला यायचा. मधला तास ओवी टीव्हीसमोर, दाराला बाहेरून कुलूप. तासाभराने काय होतंय, असं मीच म्हणायची!

त्या दिवशी त्याचा रिलीव्हर आलाच नाही. पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय क्रेन सोडता येत नाही, आणि मोबाईल लॉकरमध्ये. ओवी खिडकीचे गज धरून रडत राहिली... शेवटी कोणीतरी चाइल्ड हेल्पलाइनला फोन केला. कुलूप तोडून तिला घेऊन गेले.

आठ दिवस मी त्या फोन करणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या. समोरच्या साहू आंटी जेवणाचा डबा आणायच्या, त्यांच्यासमोरसुद्धा.

समितीसमोर नवरा खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, रिलीव्हर नहीं आया. क्रेन छोड़ के कैसे आता?"

मॅडमनी विचारलं, क्रेनला रिलीव्हर आहे, मुलीला कोण आहे? मला वाटलं, गेली आता पोर हातची...

शेजारी म्हणून साहू आंटींनाही बोलावलं होतं. त्या उठल्या. "फोन मैंने ही किया था. बच्ची बहुत रो रही थी. अब वो एक घंटा मेरे पास रहेगी, लिख लीजिए."

जमिनीत गडप व्हावंसं वाटलं मला. हमीपत्रावर आमच्याबरोबर त्यांचीही सही झाली, आणि ओवी आमच्याकडे आली. महिन्यातून एकदा समितीच्या बाई घरी येऊन बघणार आहेत. येऊ देत!

परतताना नवरा म्हणाला, "आपण आंटीले आधी कावून नाही विचारलं वं?" काय सांगू... पोरीला कोंडून जायची लाज वाटली नाही, शेजारणीकडे शब्द टाकायची वाटली.

काल दीड वाजता ओवीला समोर सोडलं. आंटी दारातूनच म्हणाल्या, "जाओ, मैं ड्यूटी पे हूँ." मी रिकाम्या घराला कुलूप लावलं, आणि कितीतरी दिवसांनी खिडकीकडे वळून न बघता निघाले.