सोलरवरचे दोन सेल

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करतो. सांडोर गावातल्या आमच्या घरी माझा खिशात मावणारा रेडिओ दोन रिचार्जेबल सेलवर चालतो. ते सेल भरायला मी वहीएवढी सोलर प्लेट आणून गच्चीवर ठेवली. दिवसभर सेल तिच्यात भरायचे आणि संध्याकाळी रेडिओत घालायचे. पहिला आठवडा रेडिओ रात्री आणि सकाळी खणखणीत बोलला. मग मात्र तो सकाळच्या बातम्या संपायच्या आत मान टाकू लागला. ऊन तर रखरखीत होतं.

म्हणजे कोणीतरी माझ्या सेलवर डल्ला मारतंय, हे मी ठरवूनच टाकलं. गच्ची आमची आणि खालच्या मजल्यावरच्या धाकट्या भावाची सामाईक. भाऊ दिवसभर कामावर. दुपारी वर जाणारी एकटी भावजय, कपडे वाळत घालायला. मी सेलवर बायकोच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले. संध्याकाळी ठिपके जागच्या जागी, सेल मात्र अर्धमेले. चोर हुशार आहे, वापरून परत ठेवतो, एवढाच अर्थ मी काढला.

रविवारी सगळ्यांसमोर तिला म्हणालो, "तुमच्या घड्याळात कुठला सेल आहे, बघू जरा." तिने मुकाट्याने भिंतीवरचं घड्याळ उतरवून माझ्यापुढे धरलं. आत साधा, गंजलेला सेल. त्या दिवसापासून भाऊ माझ्याशी बोलेनासा झाला. तरी माझा संशय काही फिटला नाही.

मंगळवारी दुपारी मी पाण्याच्या टाकीआड दबा धरून बसलो. जिन्यात पावलं वाजली आणि वर आली ती आई! गुडघ्यांमुळे तिला जिना चढायची मीच सक्त मनाई केली होती. तिने केळीचं पान प्लेटवर नीट पसरलं, वर दोन खडे ठेवले. वाडीतली भाजीची कोवळी रोपं ती जन्मभर दुपारी अशीच झाकत आली. ऊन उतरलं की पान काढायचं.

"आई, हे काय?"

"अरे, किती तापतंय ते! करपेल ना."

मला हसू येण्याऐवजी लाज वाटली. तसाच खाली भावजयीकडे गेलो. "चुकलो मी. आईच प्लेट झाकत होती."

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "उतरताना मीच हात देते त्यांना."

"मग रविवारी बोलली का नाहीस?"

"तुम्ही गच्चीला कुलूप लावलं असतं, भाऊजी. वाडीत जाणं तर सुटलंच त्यांचं. वरून निदान दिसते तरी."